ओटीचे शब्द

बुधवारी दुपारी धनपाल आण्णा छत्री मिटत सयाजीच्या दारात आले आणि बाहेरूनच म्हणाले, "पाय भिजलं."

कासारघाटात एवढं सांगितलं की पुरतं. घाटाला सत्तावीस पायऱ्या आहेत. वरून नवव्या पायरीला लागून मारुतीचा चौथरा आहे. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की एक-दोन दिवसांत पंचगंगा इथल्या पायऱ्या चढायला लागते. सरकारचं मोजमाप वेगळं. इशारा पातळी, धोका पातळी, सगळं मोबाईलवर येतं. पण गाव ते वाचून पुन्हा घाटावर बघायला जातं. मारुतीच्या पायाला पाणी लागलं म्हणजे पाय भिजले, आणि पाय भिजले की दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत नदीची ओटी भरायची.

"कवा?" सयाजीनं विचारलं.

"तास झाला. चढ बारीक हाय, पर हाय." आण्णा आत येऊन लोखंडी खुर्चीवर बसले. त्यांचं किराणा दुकान आता पोरगा बघत होता आणि ते स्वतः घाटाच्या उत्सव कमिटीचं बघत होते. जैन माणूस मारुतीच्या कमिटीवर कसा, असं परगावचे लोक विचारायचे. गावात कुणी विचारत नव्हतं. आण्णांचा बाप होता, म्हणून आण्णा होते.

"मग उद्याचं काय करायचं, सयाजी?"

"करायचं काय? ओटी भरायची."

"ते व्हय रे. भरणार कोण?"

एकेचाळीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ओटी त्याची बायको चिमणाबाई भरायची. माघात ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, चार महिने अंथरुणात होती. शेवटी शेवटी पाणी मोजून द्यावं लागायचं. नदीकाठच्या बाईला पेल्यानं मोजून पाणी.

गाव मोठं म्हणावं तर मोठं नाही. नगरपंचायत झाली आहे, दोन बँका आहेत, एक बसस्थानक आहे, त्यात बस थांबत नाही. पूर्वी कासार लोक होड्यांतून बांगड्यांच्या पेट्या आणायचे. त्या घाटावर उतरायच्या आणि बैलगाड्यांत चढून खाली कर्नाटकात जायच्या. म्हणून कासारघाट. ज्या दगडावर बांगड्या उतरायच्या त्याच दगडावर नवरा मेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या. दोन्ही कामांना एकच दगड पुरला. पुढं बांगड्या गेल्या, गुळाच्या होड्या आल्या. मग पूल झाला आणि होड्याही गेल्या. आता उन्हाळ्यात नदी काळी पडते, मासे पोट वर करून तरंगतात, गाव नाकाला रुमाल लावून पुलावरून जातं. आणि पावसाळ्यात पाणी चढलं की त्याच नदीला हात जोडून माई म्हणतं.

ओटीचा मान सयाजीच्या घराकडं कधी आला हे कुणाला नक्की माहीत नाही. सांगतात ते असं, की एका वर्षी पाणी बाजारपेठेत शिरलं, पुजारी उठून पळाला, तेव्हा या घरची एक बाई सूप घेऊन गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि नदीशी काहीतरी बोलली. पाणी उतरलं. नाहीतरी ते उतरणारच होतं. पण मान घरात आला, तो सासूकडून सुनेकडं चालत राहिला. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. मानाची बाई शेवटच्या कोरड्या पायरीवर जाते, वाकते, ओठांतल्या ओठांत काही शब्द बोलते आणि सूप पाण्यात सोडते. ते शब्द सासूनं सुनेला सांगायचे. तिसऱ्यानं ऐकायचे नाहीत.

"माझ्याच घरातनं भरली जाणार," सयाजी म्हणाला.

"घरात कोण हाय पर?"

"सून हाय की."

"ती इचलकरंजीत. रस्ता काल रात्रीच बंद झाला."

ते सयाजीला माहीत होतं. तरी त्यानं आण्णांच्या समोर फोन लावला. सून राजनंदिनी म्हणाली, "मामा, मी आले असते ओ. ह्यांनीबी गाडी काढली होती, पर नाक्यावर पोलीस सोडत न्हाईत. आणि मला आत्यांनी शब्द सांगितलंच न्हाईत कधी. पुढच्या वर्षी सांगते म्हणायच्या दरवेळी." सासूला ती गावाच्या रीतीनं आत्या म्हणायची. सयाजीनं बरं म्हणून फोन ठेवला.

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "राजवर्धन येणार हाय तुझ्याकडं. आधी सांगून ठेवतो."

राजवर्धन म्हणजे सयाजीच्या चुलतभावाचा मुलगा. प्लॉटची कामं करायचा, एकदा नगरसेवक होता, पुन्हा व्हायचं होतं. तो पाच वाजता, आण्णा बसलेले असतानाच आला, पायांतले बूट न काढता उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या मनाला लागंल असं मला काय बोलायचं न्हाय. पर काकी गेल्या. आता भावकीत सवाष्ण म्हटली तर आमचीच मोना. तिनं सकाळपास्नं उपास धरलाय."

"पाय दुपारी भिजलं," सयाजी म्हणाला. "उपास सकाळी कसा धरला?"

आण्णा हसले. राजवर्धन हसला नाही. "अंदाज असतोय की नाना. राधानगरीचा विसर्ग बघून धरला."

सयाजीला मान हवा होता. का हवा होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं. घरात चिमणाबाईचं पुष्कळ उरलं होतं. साड्या, चष्मा, औषधाच्या पिशव्या, उशीखालची पिन. ते सगळं त्याचं होतं, तो ते बघून घेत होता. पण गावात तिचं म्हणून एवढी एकच गोष्ट होती. पुराच्या दिवशी सगळा घाट तिची वाट बघायचा. ती यायची, मग गर्दी दोन बाजूंना व्हायची. उद्या गर्दी मोनासाठी बाजूला झाली की चिमणाबाई गावातून पुरती गेली.

ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, नशीबवान, भरल्या कुंकवानं गेली. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. सयाजीला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं, की अरे ती मेलीय. दहाव्याला भावकीनं त्याला नवा टॉवेल दिला, नवी टोपी घातली. त्याचं कुणी काही काढून घेतलं नाही. बाप मेला तेव्हा आईचं डोकं ते पाय सगळं उतरवलं होतं, हे त्याला तेव्हा आठवलं आणि त्यानं ते लगेच बाजूला सारलं.

"तानाबाई भरंल," तो आता म्हणाला.

तानाबाई त्याची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हापासून याच घरात होती.

राजवर्धननं आण्णांकडं बघितलं. "तानाआत्या?"

"गावाच्या सभेत ठराव तूच मांडलास की. दोन वर्सं झाली. नवरा गेलेल्या बाईलाबी कुंकवाचा, ओटीचा, सगळा मान. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मीबी हात वर केला."

"ठराव ठरावाच्या जागी नाना. त्यो हाय की, फ्रेम करून लावलाय कचेरीत. पर उद्या पाणी पेठेत शिरलं तर लोकं काय म्हणतील? राजवर्धननं ठराव केला म्हणून शिरलं म्हणतील. माझं तोंड कुठं लपवू?"

"पाणी धरणानं शिरतंय का बाईनं?"

"धरणानंच. पर नाव बाईचं हुतंय."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं, की सयाजीनं तो वाद सोडला. मग त्यानं शेवटचं काढलं. "आणि शब्द? मोनाला शब्द कोण सांगणार?"

राजवर्धनच्या मनात यंदा घाटाचा व्हिडिओ करायचा होता. गावाच्या वारशाचं पुस्तक काढायचं होतं, त्यात ओटीवर चार पानं होती आणि शब्दांची जागा रिकामी होती.

"शब्दाबिगर ओटी म्हंजे नारळ पाण्यात टाकणं," आण्णा म्हणाले. "हे सयाजीचं बराबर हाय."

"तुम्हाला ठावं हायत शब्द?" राजवर्धननं विचारलं.

"घरात हायत," सयाजी म्हणाला. "माझ्या घरातनं भरत असशीला तर हायत."

"उद्या अकरा वाजेस्तवर सांगा मग," म्हणून राजवर्धन उठला.

शब्द सयाजीला माहीत नव्हते. त्यानं कधी विचारलं नव्हतं. बायकांची गोष्ट होती. पण तानाबाई दरवर्षी तांब्या घेऊन चिमणाबाईच्या मागून घाट उतरायची. मधल्या पायरीवर थांबायची, पण दोघी घरात दिवसभर एकत्र असायच्या. तिला माहीत असणार, असा त्याचा हिशोब होता.

तानाबाई मागच्या सोप्यात ज्वारीची पोती फळीवर चढवत होती. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण पोतं गुडघ्यावर घेऊन एका झटक्यात वर टाकायची. सयाजीनं दुसऱ्या पोत्याला हात लावला.

"ताने, उद्या तू भरायची ओटी."

"हे धर आधी. पायात पडंल."

त्यानं धरलं. पोतं वर गेलं.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. पुढच्या खोलीत बोललासा ते समदं ऐकलं. भित बारीक हाय."

"मग?"

"मग काय? मी न्हाय भरणार."

"का? राजवर्धनला मी बघतो. कोण काय बोलतंय ते मी बघतो. आण्णा आपल्या बाजूला हायत."

तानाबाईनं पदरानं मानेचा घाम पुसला. "वैनी जिती असती तर मला म्हणाला असतास का, ताने तू भर?"

सयाजी तिसऱ्या पोत्याकडं वळला.

"ठरावाला हात वर केलास, त्या दिवशी घरात येऊन मला सांगितलंस? शेजारची अनुजा सांगत आली, तवा कळलं मला. मी चहा केला तुला त्या दिवशी. तू चहा पिलास आणि झोपलास."

"ध्यानात न्हाय राहिलं."

"राहत न्हाय. तुला मान ठेवायचाय, म्हणून मी. दुसरी कोण मिळाली असती तर ती."

"बरं, राहू दे," सयाजी चिडून म्हणाला. "नको भरूस. शब्द तरी सांग. शब्द माझ्याकडं असलं, तर मोनाला उभं राहू देणार न्हाय मी. पुढच्या वर्षी राजनंदिनी भरंल. यंदा कुणीच नको."

तानाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग ती पोत्यावर बसली.

"आईच्या हातातलं सूप कुणी घेतलं, ते आठवतंय का दादा?"

आठवत होतं. पण त्याला ते वेगळं आठवत होतं. त्र्याऐंशी साल. आषाढात बाप तापानं गेला आणि अठराव्या दिवशी पाय भिजले. घाटावर सगळं गाव होतं. आई, विठाबाई, नेहमीसारखी सूप घेऊन आली. मोकळं कपाळ, मोकळे हात. म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. पुजारी नदीकडं बघायला लागला. आई पायऱ्या उतरत होती. सयाजी तेव्हा पंचवीस वर्षांचा, घराचा नवा कर्ता. सगळ्यांच्या नजरा आपल्या पाठीवर आहेत असं त्याला वाटलं. तो तीन पायऱ्या उतरला, आईच्या हातातून सूप काढून घेतलं, म्हणाला, आई, तू मागं हो. आणि ते आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या चिमणाच्या हातात दिलं. आई वर चढून घरी गेली. लोक म्हणाले, पोरगं शहाणं निघालं, मान राखला. एकेचाळीस वर्षं सयाजी ते तसंच जपत आला होता. आपण त्या दिवशी मान राखला.

"आईनं तिला नंतर शब्द सांगितलं असतील की," तो म्हणाला.

"न्हाय सांगितलं. वैनी त्याच दिवशी तिच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, आत्याबाई, मी नुसतंच सोडलं हो सूप, मला काय ठावं न्हवतं, आता सांगा. आई म्हणाली, सुपाबरोबर गेलं शब्द. मी तिथंच हुते, तांदूळ निवडत."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाईत. आई त्यावर एकोणीस वर्सं जगली. घाटावर पाय टाकला का तिनं? आणि शब्द कुणाला सांगितलं का? पुरुषानं काढून घेतलेल्या सुपात ती शब्द घालंल व्हय?"

"मग चिमणा काय बोलायची? ओठ हलायचं तिचं. सगळ्या गावानं बघितलंय."

सांगावं की नाही असं नव्हे, वैनीच्या आवाजात कसं सांगावं हे तानाबाई आठवत होती.

"हे माझं न्हाय, आत्याबाईंचं हाय. त्यांच्याकडनं काढून घेतलंय. घे. एवढंच बोलायची. दरवर्षी. आई जिती हुती तवाबी आणि मेल्यावरबी."

पन्हाळीचं पाणी बाहेर बादलीत पडत होतं. बादली भरून वाहायला लागली होती, ती कुणी काढली नाही.

"मला का न्हाय सांगितलं तिनं?" सयाजीनं विचारलं.

"तू इचारलंस कवा?"

"मला वाटायचं, घरासाठी काय मागत असंल. आपल्या पोराच्या, आदर्शच्या नोकरीचं, शेताचं."

"मागायची न्हाय ती काय. घाटावरनं आली की पाय धुवायची आणि चुलीम्होरं बसायची. तुझ्या ताटात पुरणाची पोळी वाढायची त्या दिवशी. आठवतंय? पुराच्या दिवशी कोण पुरण घालतंय? तू खायचास."

त्यानं खाल्लं होतं. त्याला वाटायचं, ओटी नीट पार पडली म्हणून गोड केलंय. आता त्या पोळीचा अर्थ काय लावायचा हे त्याला कळेना, आणि विचारायला ती नव्हती. चाळीस वर्षं शेजारी झोपलेली बाई वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर त्याचं नाव न घेता त्याची चोरी नदीला सांगत होती. आणि वर येऊन त्याला म्हणायची, छत्री धरा की, भिजताय.

रात्रभर त्याला झोप लागली नाही, त्याचं सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी पाणी आठव्या पायरीला आलं होतं. मारुती गुडघ्यापर्यंत बुडाला होता. साडेदहालाच घाट भरला. राजवर्धनची बायको मोना नऊवारी नेसून, नथ घालून, सूप घेऊन उभी होती. बारीक पोरगी, थंडीनं ओठ निळे पडलेले, पण उपासाचं खरं असावं. राजवर्धननं काठीला मोबाईल लावून एकाला उभं केलं होतं. राजवर्धनची आई सगळ्यांत वर, पिंपळाखाली छत्री घेऊन उभी होती. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ती खाली येत नव्हती, आणि तिला खाली ये असं कुणी म्हणत नव्हतं.

सयाजी आला तशी गर्दी बाजूला झाली. आण्णा पुढं आले. "काय ठरलं रे?"

"भरू दे मोनाला."

आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन केलंस."

"शब्दाचं काय नाना?" राजवर्धन म्हणाला.

सयाजीनं घरातून निघताना ठरवलं होतं. जिथं घेतलं तिथंच सांगायचं. ज्या लोकांनी पोरगं शहाणं म्हटलं होतं त्यांतले निम्मे मेले होते, पण निम्मे होते. तो शेवटच्या कोरड्या पायरीवर उतरला, मागं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"हे माझं न्हाय, आत्याबाईंचं हाय. त्यांच्याकडनं काढून घेतलंय. घे."

पुढच्या चार बायकांनी हात जोडले. मग त्यांच्या मागच्यांनी जोडले.

"असं बोलत हुती माझी बायको," सयाजी म्हणाला. "एकेचाळीस वर्सं."

"काय बोलल्यात बघा जुनी माणसं," एक म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्याबाई म्हंजे गंगामाई की," आण्णा शेजारच्याला समजावून सांगायला लागले. "सगळ्या गावाची सासू. तिच्या घरात आपण नांदतोय, असा अर्थ."

"आणि काढून घेतलंय म्हंजे पाणी," राजवर्धन मोबाईलवाल्याकडं बघून म्हणाला. "शेतीला, प्यायला, कारखान्याला आपण नदीकडनं घेतोय आणि ओटीच्या रूपानं परत देतोय. सगळं पर्यावरण आलं बघा यात. शेकडो वर्सांपूर्वी."

"न्हाय रं," सयाजी म्हणाला. "तसं न्हाय. सूप मी काढून घेतलं. आईच्या हातातनं. हितं, ह्याच घाटावर. बाप मेल्यावर. आत्याबाई म्हंजे माझी आई."

"खरं हाय नाना, नदी म्हंजे आईच."

"अरे, नदी न्हवं. विठाबाई. माझी आई विठाबाई."

राजवर्धननं खाली उतरून त्याचा दंड धरला, मऊपणानं, म्हाताऱ्याला धरतात तसा. "नाना, व्हिडिओ चालू हाय. पायरी निसरडी हाय. काकींची आठवण आली, समजतंय की आम्हाला. या हिकडं." आणि मागं वळून म्हणाला, "खुर्ची आणा रं एक."

खुर्ची आली. सयाजीला तिच्यावर बसवलं. कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

मोना उतरली. वाकून म्हणाली, "हे माझं नाही, आत्याबाईंचं आहे..."

"न्हाय म्हण, हाय म्हण," राजवर्धन वरून म्हणाला. "जसं हाय तसं. जरा मोठ्यानं."

मोनानं परत म्हटलं. माझं न्हाय, आत्याबाईंचं हाय. त्यांच्याकडनं काढून घेतलंय. घे. सूप पाण्यात सुटलं, एक गिरकी घेतली आणि मारुतीला वळसा घालून गेलं. सगळ्यांनी हात जोडले.

पिंपळाखाली राजवर्धनच्या आईनं तेवढे जोडले नव्हते. तिची सून मोठ्या आवाजात म्हणत होती की हे आत्याबाईंचं आहे, आणि ती आत्याबाई वर छत्री घेऊन उभी होती. सयाजीनं खुर्चीवरून तिच्याकडं बघितलं. तिला सगळं समजलंय हे त्याला एका नजरेत कळलं. त्यानं उठायचा प्रयत्न केला. तेवढ्यात ती पाठ फिरवून घराच्या वाटेला लागली.

घरी तानाबाईनं भाकरी थापली होती. त्यानं ओली टोपी खुंटीला लावली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"पाठ केलं त्यांनी."

तानाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती हसली नाही आणि रडलीही नाही. भाकरी फुगली तशी तिनं ती त्याच्या ताटात टाकली आणि पिठलं वाढलं.

तो जेवत असताना फोन वाजला. राजनंदिनी होती. "मामा, बघितला व्हिडिओ. सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काय ओ शब्द! आणि आत्यांनी मला सांगितलंच न्हाईत. पर आता कळलं ते कळलं. पुढच्या वर्षी काय बी होऊ दे, मी चार दिवस आधी येऊन राहते. मान आपल्याच घरात राहिला पाहिजे. मोनावैनींची ती पाळी एकदाच."

कालपर्यंत त्याला हेच तर हवं होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "तू नको भरूस."

"का ओ?"

"मान आपला न्हाय. कवाच न्हाय राहिला."

राजनंदिनी थंड आवाजात म्हणाली, "म्हंजे त्यांना देऊन टाकलासा व्हय कायमचा? मला इचारलं तरी असतं. मी सून न्हवं का घरची?"

"तसं न्हाय ग..."

"असू दे मामा. जेवा तुम्ही."

तिनं फोन ठेवला. सयाजी हातातल्या घासाकडं बघत बसला.

"तोंडावर सांगीन तिला," तो तानाबाईला म्हणाला. "नीट बसवून सांगीन. पाणी उतरल्यावर."

"एकेचाळीस वर्सं उतरतंयच की पाणी," तानाबाई म्हणाली आणि परड्यात कुठवर आलंय ते बघायला मागच्या दारानं बाहेर गेली.